एका धारेवर म्हैस घेऊ नये
(शेअरचा भाव आणि कंपनीचा नफा)

१. मोबाइलवर आलेला निरोप

नीरेहून बारामतीला जाताना कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागाला मिळते. त्यामुळे शिवारात ऊस आहे. ऊस आहे म्हणून गावात वर्षातून एकदा तरी मोठी रक्कम येते.

या गावात एक घर आहे असे समजा. घरात तात्या आहेत. त्यांची कारभारीण आहे, तिला सारे गाव आक्का म्हणते. मुलगा बारामतीला नोकरीला जातो. सूनबाई शिकलेली आहे. घरचा जमाखर्च तीच वहीत लिहिते. दावणीला दोन म्हशी आहेत, त्यांचे आक्का पाहते.

यंदा उसाचे बिल बँकेत जमा झाले. दोन लाख रुपये हाती आले. सोसायटीचे कर्ज फेडायचे होते. खोडव्याला खत घालायचे होते. तेवढ्यात तात्यांच्या मोबाइलवर एक निरोप आला. कुणी पाठवला ते ठाऊक नाही. त्यात लिहिले होते :

"साखर कंपनीचा शेअर घ्या. भाव २१० रुपये. पीई फक्त ५. इतका स्वस्त शेअर पुन्हा मिळणार नाही. आजच घ्या."

तात्या आता वाचायला शिकले होते. त्यांनी निरोप अक्षर लावून वाचला. वाचता आला, पण उमगला नाही. त्यांनी सुनेला हाक मारली.

"सूनबाई, हे 'पीई पाच' म्हंजे काय गं?"

"मामंजी, आधी चहा घ्या. मग वही घेऊन बसू. हे समजल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही."

२. भावाला नफ्याने भागा

सूनबाईने वही उघडली. ती म्हणाली, "मामंजी, शेअर म्हणजे वाटा. शंभर जणांनी मिळून एक विहीर काढली, तर प्रत्येकाचा शंभरावा वाटा. तसा कंपनीचा एकेक वाटा म्हणजे शेअर. कंपनीला नफा झाला की त्यात प्रत्येक शेअरचा वाटा असतो. तो नफा कंपनी कधी वाटून देते, कधी धंद्यातच ठेवते. पण तो आपल्या वाट्याचाच."

"हे कळलं. पण पीई?"

"तुम्ही म्हैस घेताना काय करता?"

तात्या हसले. म्हशीच्या व्यवहारात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. ते म्हणाले, "भाव बघतो. दूध बघतो. पेंड, कडबा, औषधपाणी वजा जाता वर्षाला काय उरंल ते बघतो."

"बरं. म्हशीचा भाव ८०,००० रुपये. सगळा खर्च जाऊन वर्षाला १६,००० रुपये उरतात. मग?"

"पाच वर्सांत म्हैस फिटली."

"हाच तुमचा पीई. भाव ८०,००० भागिले वर्षाचा नफा १६,०००, उत्तर ५. शेअरचंही तसंच. एका शेअरचा भाव घ्यायचा. त्या शेअरच्या वाट्याला आलेला वर्षाचा नफा घ्यायचा. भावाला नफ्यानं भागायचं."

हिशेब असा आहे :

शेअरचा भाव ÷ दर शेअरमागे वर्षाचा नफा = किंमत-मिळकत गुणोत्तर

बाजारात याला पीई म्हणतात. गुणोत्तर ५ म्हणजे, नफा असाच राहिला तर पाच वर्षांच्या नफ्यात शेअरची किंमत भरून निघेल. गुणोत्तर २० म्हणजे वीस वर्षे लागतील. म्हणून लोक लहान आकड्याला स्वस्त म्हणतात आणि मोठ्या आकड्याला महाग म्हणतात.

पण वाचकहो, त्या वाक्यातले चार शब्द पुन्हा वाचा. "नफा असाच राहिला तर." सारा धोका या चार शब्दांत आहे.

३. सोसायटीचा आणि कारखान्याचा शेअर निराळा

तात्यांनी विचारले, "आपल्याकडं सोमेश्वर कारखान्याचा शेअर हाय की. त्याचा पीई काय?"

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. सोमेश्वर हा सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी संस्थेचा शेअर मुंबईच्या शेअर बाजारात विकला जात नाही. त्याचा भाव रोज वरखाली होत नाही. सभासदाकडे शेअर कितीही असोत, मत एकच. आणि संस्थेची कमाई सभासदाला मिळते ती मुख्यतः उसाच्या दरातून. म्हणून या शेअरला पीई लावता येत नाही. आपण तो शेअर घेतो तो ऊस गाळला जावा म्हणून, भाव वाढावा म्हणून नव्हे.

खासगी साखर कंपन्यांचे तसे नाही. त्यांतल्या काहींचे शेअर बाजारात रोज विकले जातात. उत्तर प्रदेशात आणि दक्षिणेत अशा कंपन्या पुष्कळ आहेत. मोबाइलवरचा निरोप तशाच एका कंपनीचा होता.

४. एका धारेचे दूध

सूनबाई म्हणाली, "मामंजी, भागाकार तर झाला. पाच आलं. आता घ्यायचा का शेअर?"

तात्या उत्तर देणार तोच आक्का गोठ्यातून आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, "गेल्या खेपेला बाजारात काय झालं ते इसरलात व्हय?"

तात्या गप्प झाले. मग त्यांनीच ती गोष्ट सांगितली.

तीन वर्षांपूर्वी ते म्हैस आणायला बाजारात गेले होते. दलालाने एक म्हैस दाखवली. नुकतीच व्यालेली. समोर धार काढून दाखवली. दोन वेळचे मिळून बारा लिटर दूध. तात्यांनी बारा लिटरवर भाव केला. घरी आणली. दोन-तीन महिने दूध बरे होते. मग दहा, आठ, सहा असे उतरत गेले. पुढे म्हैस आटली. नंतर कितीतरी महिने ती भाकड उभी राहिली. पेंड मात्र रोज खात होती. जी म्हैस पाच वर्षांत फिटेल असे वाटले, तिला नऊ वर्षेही पुरणार नव्हती.

तात्या म्हणाले, "चूक माझीच. एका धारेवर म्हैस घेतली. सगळं वेत बघाय पायजे होतं. वेतभर दूध किती, भाकड किती दिस, मागल्या वेताला किती. एका दिसाच्या दुधानं काय कळतंय?"

सूनबाईने वही पुढे केली. "मामंजी, शेअरचंही हेच. पीई पाच, ही एका दिवसाची धार आहे. आपण वेत बघू या. कंपनीची मागची वर्षं बघू."

५. सहा वर्षांची वही

कंपनीला आपल्या नफ्यातोट्याचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावे लागतात. वर्षाच्या शेवटी अहवाल छापावा लागतो. त्यात दर शेअरमागे किती नफा झाला हेही असते. म्हणून मागची वर्षे पाहणे अवघड नाही. सूनबाईने सहा वर्षांचे आकडे वहीत मांडले. (हे आकडे धड्यासाठी घेतलेले आहेत. कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.)

पहिले वर्ष : भाव १२० रुपये, नफा १० रुपये, गुणोत्तर १२
दुसरे वर्ष : भाव १६० रुपये, नफा २० रुपये, गुणोत्तर ८
तिसरे वर्ष : भाव २०० रुपये, नफा ४० रुपये, गुणोत्तर ५
चौथे वर्ष : भाव १०० रुपये, नफा ४ रुपये, गुणोत्तर २५
पाचवे वर्ष : भाव ८० रुपये, तोटा २ रुपये, गुणोत्तर निघत नाही
सहावे वर्ष : भाव १४४ रुपये, नफा १२ रुपये, गुणोत्तर १२

आणि यंदाचे सातवे वर्ष : भाव २१० रुपये, नफा ४२ रुपये, गुणोत्तर ५.

सूनबाई म्हणाली, "मामंजी, गुणोत्तर पाच या आधी कधी होतं?"

तात्यांनी बोट ठेवून वाचले. "तिसऱ्या वर्सी."

"त्या वर्षी ज्यांनी स्वस्त म्हणून शेअर घेतला, त्यांचं पुढच्या वर्षी काय झालं?"

"दोनशेचं शंभर झालं! निम्मं गेलं की."

"आणि गुणोत्तर सगळ्यात मोठं, पंचवीस, कधी होतं?"

"चौथ्या वर्सी. तवा भाव शंभर होता. म्हंजे महाग दिसत होता तवा पडेल भाव होता, आन् स्वस्त दिसत होता तवा चढा भाव होता. ह्ये उलटंच झालं!"

वाचकहो, उलटे का झाले ते नीट पाहा. भागाकारात दोन आकडे असतात. वर भाव, खाली नफा. तिसऱ्या वर्षी भाव १६० चा २०० झाला, म्हणजे थोडाच वाढला. पण नफा २० चा ४०, म्हणजे दुप्पट झाला. खालचा आकडा वरच्यापेक्षा जास्त वाढला, म्हणून उत्तर लहान आले. चौथ्या वर्षी भाव निम्मा झाला, पण नफा दहावा हिस्सा राहिला. म्हणून उत्तर मोठे आले. भाव करणाऱ्या जाणत्या लोकांना ठाऊक होते की ४० रुपयांचा नफा टिकणारा नाही. म्हणून त्यांनी नफ्याच्या मानाने भाव कमीच दिला होता.

ती ताज्या व्यालेल्या म्हशीची धार होती.

६. साखरेचे वेत

साखरेच्या धंद्यात असे का होते, हे ऊसकऱ्याला सांगायला नको. दर चांगला मिळाला की सगळे ऊस लावतात. लागणीपासून तोडणीपर्यंत बारा ते अठरा महिने जातात. मग सगळा ऊस एकदम कारखान्यावर येतो. साखर फार होते. साखरेचा भाव पडतो. उसाची बिले थकतात. मग लोक ऊस कमी करतात. त्यात एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला की साखर एकदम कमी होते आणि भाव पुन्हा चढतो.

खरे आकडे पाहा. २००६-०७ च्या हंगामात भारतात सुमारे २८३ लाख टन साखर झाली. दोनच वर्षांनी, २००८-०९ च्या हंगामात, सुमारे १४५ लाख टन झाली. म्हणजे जवळजवळ निम्मी. पुढे २०१८-१९ मध्ये ती ३३० लाख टनांच्या घरात गेली. साखर अशी निम्मी-दुप्पट होते, तेव्हा साखर कंपनीचा नफा एका जागी कसा राहील?

पोलाद, सिमेंट यांसारख्या धंद्यांतही असेच चढउतार असतात. अशा धंद्यात गुणोत्तर फार लहान दिसले तर आनंद मानू नका. थांबा आणि विचारा : हे दुधाचे भर दिवस तर नव्हेत?

मग करायचे काय? सूनबाईने सोपा उपाय सांगितला. एका वर्षाचा नफा घ्यायचाच नाही. पुष्कळ वर्षांची सरासरी घ्यायची.

मागच्या सहा वर्षांचा नफा : १० + २० + ४० + ४ + १२ = ८६. त्यातून तोट्याचे २ वजा केले. राहिले ८४. सहाने भागले. सरासरी आली १४ रुपये.

आजचा भाव २१०. भागिले १४. उत्तर १५.

"म्हंजे पाच न्हवं, पंधरा," तात्या म्हणाले.

"हो. आणि चौथ्या वर्षी भाव १०० होता तेव्हाचं करून बघा. १०० भागिले १४, म्हणजे सात. स्वस्त तेव्हा होता. आता नाही."

हा उपाय सूनबाईच्या डोक्यातून निघालेला नाही. बेंजामिन ग्रॅहम नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकाने १९३४ साली एका सहकाऱ्याबरोबर शेअरांवर मोठा ग्रंथ लिहिला. एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, पाच, सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्या, असे त्याने सांगितले. पुढे रॉबर्ट शिलर या प्राध्यापकांनी महागाईचा हिशेब धरून दहा वर्षांच्या सरासरीचे गुणोत्तर प्रसिद्ध केले. त्यांना २०१३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठमोठ्या विद्वानांनी सांगितले ते आपल्या आक्कांना गोठ्यात ठाऊक होते : वेतभर दूध बघावे.

७. वगारीचा भाव

तात्यांना एक शंका आली. "मग लहान गुणोत्तर बी नको. मोठं असलं तर घ्यावं का?"

आक्का म्हणाल्या, "वगार कशी घेत्यात? तिला तर दूधच नसतंय. तरी चांगल्या आईची असली तर पैसं देत्यातच की."

बरोबर आहे. वगारीला आज दूध नाही, पण पुढे येणार आहे. म्हणून तिला भाव मिळतो. तसेच वाढत्या कंपनीचे. आज नफा थोडा आहे, पण पुढे पुष्कळ होईल अशी आशा असते. म्हणून लोक जास्त भाव देतात आणि गुणोत्तर मोठे होते. ही आशा खोटीच असते असे नाही. पण वगार कितीही चांगली असली, तरी तिच्यासाठी अख्ख्या दावणीचा पैसा मोजून चालत नाही.

याची एक खरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. जळगाव जिल्ह्यात अमळनेर हे गाव आहे. तिथे १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची एक कंपनी काढली. तिचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. अमळनेरच्या पुष्कळ साध्या माणसांनी तिचे शेअर घेतले. १९६६ साली प्रेमजी वारले. त्यांचा मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा होता. अमेरिकेतले शिक्षण अर्धे टाकून तो परत आला आणि त्याने कारभार हाती घेतला. पुढे कंपनी तुपासाबणाबरोबर संगणकाच्या धंद्यात उतरली. हीच आजची विप्रो. ज्या अमळनेरकरांनी जुने शेअर जपून ठेवले, त्यांच्या घरी पुढे मोठे धन आले.

पण त्याच कंपनीच्या शेअरची दुसरी गोष्टही ऐका. फेब्रुवारी २००० मध्ये संगणकाच्या धंद्याची जगभर हवा झाली होती. विप्रोच्या एका शेअरचा भाव ९,००० रुपयांच्या वर गेला. कंपनीच्या त्या वर्षीच्या नफ्याशी तो ताडून पाहिला, तर गुणोत्तर पाचशेच्याही पुढे जात होते. म्हणजे नफा तेवढाच राहिला असता तर पैसे फिटायला पाचशे वर्षे!

मग काय झाले? कंपनी बुडाली का? मुळीच नाही. वगार चांगली निघाली. नफा वाढत वाढत २०२०-२१ साली १०,००० कोटी रुपयांच्या वर गेला. २००० सालच्या नफ्याच्या तीसपटीहून तो अधिक होता. पण शेअरचा भाव मात्र २००० सालानंतर दीड-दोन वर्षांत पाचव्या हिश्शाच्याही खाली कोसळला. आणि फेब्रुवारी २००० चा भाव पुन्हा गाठायला २०२० साल उजाडले. मधल्या काळात लाभांश मिळाला तो वेगळा. पण ज्याने त्या दिवशी शेअर घेतला, त्याचे मुद्दल परत दिसायला सुमारे वीस वर्षे गेली. नफा इतका वाढूनही असे झाले, कारण गुणोत्तर पाचशेवरून उतरत उतरत विसाच्या घरात आले होते.

एकाच कंपनीने एकाला श्रीमंत केले आणि दुसऱ्याला वीस वर्षे तिष्ठत ठेवले. कंपनी तीच. घेतानाचा भाव निराळा.

८. वाटे वाढले म्हणजे म्हैस वाढली नाही

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. २००० साली भाव ९,००० च्या वर, आणि २०२० च्या दिवाळीच्या सुमारास भाव साडेतीनशेच्या आसपास. मग दोन्ही सारखे कसे?

याचे कारण बोनस शेअर. कंपनी कधी कधी जुन्या शेअरधारकांना जादा शेअर फुकट देते. विप्रोने २००४ साली एका शेअरला दोन जादा दिले. म्हणजे एकाचे तीन झाले. २००५ साली एकाला एक दिला. पुढे २०१०, २०१७ आणि २०१९ सालीही दिले. त्यामुळे २००० सालचा एक शेअर २०२० पर्यंत सव्वीसहून जास्त झाला होता. सव्वीस शेअर आणि दर शेअरचा भाव साडेतीनशे, असा गुणाकार करा. म्हणजे नऊ हजारांचा मेळ बसेल.

बोनस दिला म्हणजे कंपनी मोठी झाली असे नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले की चार, भाकरी तेवढीच. शेअर दुप्पट झाले की दर शेअरचा भाव निम्मा होतो आणि दर शेअरमागचा नफाही निम्मा होतो. दोन्ही आकडे सारखेच उतरतात, म्हणून गुणोत्तर बदलत नाही. जुने आणि नवे आकडे ताडून पाहताना हे विसरू नये. एका आकड्यात वाटे जुने आणि दुसऱ्यात नवे धरले, तर सारा हिशेब चुकतो.

९. माप बदलले का?

अडत्याने पायलीचे माप बदलले, तर धान्य तेच असून पायल्या कमी किंवा जास्त भरतात. शेअर बाजारातही असे झालेले आहे.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात निवडक पन्नास कंपन्यांच्या भावांचा एक निर्देशांक काढतात. त्याला निफ्टी म्हणतात. या पन्नास कंपन्यांचे मिळून गुणोत्तर रोज छापून येते. मार्च २०२१ च्या अखेरीस ते एका दिवसात ४० वरून ३३ वर आले. भाव तर त्या मानाने हललेच नव्हते! झाले असे, की तोवर नुसत्या मूळ कंपनीचा नफा धरत होते. त्या दिवसापासून तिच्या पोटकंपन्यांचाही नफा मिळवून धरू लागले. खालचा आकडा मोठा झाला, उत्तर लहान झाले. म्हणजे बाजार स्वस्त झाला नव्हता, माप बदलले होते.

आणि आधी ते ४० पर्यंत का चढले होते? २०२० साली करोनाच्या साथीत धंदे बंद पडले आणि नफे घटले. भाव मात्र पडून पुन्हा वर आले होते. इथेही खालच्या आकड्यानेच मोठे काम केले.

आणखी एक फसवे कारण असते. एखादी कंपनी आपली जमीन विकते. त्या वर्षी नफा एकदम फुगतो. गुणोत्तर लहान दिसते. पण रान विकून आलेला पैसा म्हणजे पीक नव्हे. पुढच्या वर्षी तो येणार नाही.

१०. तात्यांनी काय केले?

रात्री जेवण झाल्यावर तात्यांनी तो निरोप पुन्हा वाचला. "पीई फक्त ५." आता त्यांना तो निराळाच वाटला. दलालाने समोर काढलेली ती धार त्यांना आठवली.

ते म्हणाले, "सूनबाई, ह्यानं खोटं काय बी लिवलं न्हाई. पाच खरंच हाय. पण मागली सहा वर्सं लपवली."

"तेच तर, मामंजी. खरा आकडासुद्धा फसवू शकतो. आणि जो 'आजच घ्या' म्हणतो, त्याला आपण वही उघडलेली नको असते."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सोसायटीचे कर्ज फेडले. खोडव्याला खत आणले. उरलेले पैसे बँकेत ठेवले. त्यांनी शेअर घेतला नाही. पण वहीचे एक पान त्यांनी राखून ठेवले. त्यावर त्या कंपनीचे नाव घातले आणि स्वतःच्या हाताने तीन रकाने आखले : भाव, नफा, गुणोत्तर. दर दिवाळीला एक ओळ लिहायची असे ठरले. पहिली ओळ त्यांनीच लिहिली. अक्षर थोडे वाकडे आले, पण आकडे बरोबर होते.

हे लक्षात ठेवा

१. भावाला दर शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याने भागले की किंमत-मिळकत गुणोत्तर निघते.
२. एका दिवसाच्या गुणोत्तरावर व्यवहार करू नका. निदान सहा-सात वर्षांचे आकडे ओळीने मांडा.
३. गुणोत्तर बदलले की तीन प्रश्न विचारा. भाव बदलला का? नफा बदलला का? मोजण्याचे माप बदलले का?
४. चढउताराच्या धंद्यात नफा भर असताना गुणोत्तर लहान दिसते. तेव्हा जास्त सावध राहा. सरासरी नफा धरून पुन्हा भागाकार करा.
५. तोट्याच्या वर्षी गुणोत्तर निघत नाही. भाकड म्हैस गाभण आहे की आजारी, हे नुसत्या दुधावरून कळत नाही. तसेच हे आहे.
६. कंपनी चांगली असली तरी भाव फार दिला तर पैसा वर्षानुवर्षे अडकतो.
७. कर्ज काढून किंवा पेरणीचा पैसा मोडून शेअर घेऊ नका. अनोळखी निरोपावर तर मुळीच नको.

शब्दांचे अर्थ

गुणोत्तर : एका आकड्याला दुसऱ्याने भागून आलेले उत्तर
मिळकत : कमाई, नफा
लाभांश : नफ्यातून शेअरधारकाला वाटून दिलेली रक्कम
सरासरी : सर्व आकड्यांची बेरीज करून, जितके आकडे तितक्यांनी भागून आलेले उत्तर
निर्देशांक : पुष्कळ भावांवरून काढलेला एक आकडा
पोटकंपनी : जिची मालकी दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे आहे अशी कंपनी

प्रश्न

१. शेअरचा भाव ३०० रुपये आहे. दर शेअरमागे नफा २० रुपये आहे. गुणोत्तर किती?
२. पुढच्या वर्षी भाव ३०० च राहिला आणि नफा १० रुपये झाला. आता गुणोत्तर किती? ते कशामुळे बदलले?
३. सहकारी कारखान्याच्या शेअरला हे गुणोत्तर का लावता येत नाही?
४. तात्यांना आलेल्या निरोपात खोटे काहीच नव्हते. तरीही तो फसवा का होता? तुमच्या शब्दांत चार ओळी लिहा.
५. तुमच्या घरच्या एका म्हशीचे किंवा गाईचे गेल्या तीन वेतांचे दूध आणि भाकड दिवस वहीत लिहून काढा. त्यावरून वर्षाला सरासरी काय उरते ते घरातल्या माणसांबरोबर बसून काढा.